रॉकच्या मंचावरचा प्रकाश कॅमेऱ्याला कसा दिसतो

इंदूरच्या महाविद्यालयांच्या वार्षिक महोत्सवांत शेवटची रात्र बहुधा एखाद्या रॉक बँडसाठी राखून ठेवलेली असते. मैदानावर मंच उभा राहतो, दिव्यांचे झोत फिरू लागतात आणि समोरच्या गर्दीतून शेकडो फोन व कॅमेरे वर येतात. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांतील बहुतेक छायाचित्रांत गायकाचा चेहरा पांढराफटक पडलेला असतो, गिटारवादकाचा हात धुरासारखा पुसट झालेला असतो आणि मागचा काळोख राखाडी, दाणेदार दिसतो. महाग कॅमेरा घेतला म्हणजे हे दोष आपोआप जातील, असा समज सर्वत्र आहे आणि तो बराचसा चुकीचा आहे. अशा मंचावर प्रकाश कमी असतो हे खरे, पण त्याहून मोठी अडचण अशी की तो अत्यंत असमान असतो आणि क्षणाक्षणाला बदलतो. या दोन्ही गोष्टी हाताळण्यासाठी कॅमेऱ्याची स्वयंचलित यंत्रणा मुळात बनवलेली नाही, आणि म्हणून तिच्याकडून काही निर्णय आपल्या हाती घ्यावे लागतात.

हा प्रकाश वेगळा का असतो, हे आधी पाहू. सानंद या इथल्या सांस्कृतिक संस्थेच्या निमित्ताने वर्षानुवर्षे मराठी नाटके पाहत आलेल्या इंदूरकरांना रंगमंचाची प्रकाशयोजना परिचयाची आहे. नाटकात प्रकाशाचे पहिले काम नटाचा चेहरा शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवणे हे असते, म्हणून मुख्य दिवे प्रेक्षकांच्या बाजूने मंचाकडे रोखलेले असतात. रॉकच्या मंचावर याच्या उलट व्यवस्था दिसते. तेथे पुष्कळसे दिवे वादकांच्या मागे असतात, त्यांची तोंडे प्रेक्षकांकडे असतात आणि हवेत मुद्दाम सोडलेल्या धुरामुळे त्यांचे झोत डोळ्यांना दिसतात. दिवा हा त्या कार्यक्रमातला स्वतंत्र कलाकारच असतो. परिणामी एकाच चौकटीत उघडा दिवा, त्याच्या उजेडात न्हालेला खांदा, अर्धवट उजळलेला चेहरा आणि जवळजवळ संपूर्ण काळोखात बसलेला ड्रमवादक एकत्र येतात. आपला डोळा एका भागावरून दुसऱ्यावर फिरताना स्वतःला जुळवून घेतो. कॅमेऱ्याला मात्र सगळ्या चौकटीसाठी एकच मोजमाप ठरवावे लागते.

हे मोजमाप ठरवणारा प्रकाशमापक एका गृहीतावर चालतो. चौकटीतील सर्व भागांची सरासरी काढली तर ती मध्यम करड्या छटेच्या जवळपास, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के परत फेकणाऱ्या पृष्ठभागाइतकी असावी, असे तो धरून चालतो. दुपारच्या राजवाड्यासमोर हे गृहीत बरोबर ठरते. रात्रीच्या मंचावर चौकटीचा तीन-चतुर्थांश भाग काळा असतो, आणि तो काळा भाग करडा व्हावा म्हणून मापक एकूण प्रकाश वाढवत नेतो. त्यात काळोख राखाडी होतो आणि आधीच उजळलेला चेहरा पांढरा पडून त्यातले सर्व तपशील नाहीसे होतात. म्हणून पहिला उपाय असा की कॅमेरा मॅन्युअलवर, म्हणजे सर्व आकडे आपण ठरवण्याच्या पद्धतीवर घ्यावा, मापन स्पॉट पद्धतीवर ठेवावे आणि मापकाचा तो लहानसा ठिपका फक्त गायकाच्या चेहऱ्यावर धरून आकडे ठरवावेत. पडद्यावरील हिस्टोग्राम (उजळतेचा आलेख) आणि अतिप्रकाशित भाग लुकलुकवून दाखवणारी सूचना या दोन्हींकडे अधूनमधून पाहावे. दिव्याचा गोळा पांढरा झाला तर काही बिघडत नाही, कारण तो पांढराच आहे. कपाळ आणि नाक पांढरे पडले तर ते छायाचित्र गेले असे समजावे. ज्यांना पूर्ण मॅन्युअलची सवय नाही त्यांनी शटर आणि ॲपर्चर (लेन्सचे छिद्र) स्वतः ठरवून आयएसओ (संवेदनशीलतेचा आकडा) स्वयंचलित ठेवावा आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मापकाने ठरवलेली उजळता कमी-जास्त करण्याची सोय) उणे एक किंवा उणे दीड करावे. ही तडजोडही बऱ्यापैकी चालते.

आता ते तीन आकडे. शटर किती वेळ उघडे राहील, लेन्सचे छिद्र किती मोठे असेल आणि प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरकडून आलेला संकेत किती वाढवला जाईल (आयएसओ), या तिघांवर छायाचित्राची उजळता अवलंबून असते. यांपैकी कोणत्याही एकामुळे उजळता दुप्पट किंवा निम्मी झाली तर छायाचित्रकार त्या बदलाला एक स्टॉप म्हणतात. छिद्र एफच्या आकड्याने सांगतात; तो आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे. बऱ्यापैकी उजळलेल्या मंचावर एफ २.८, १/२५० सेकंद आणि आयएसओ ३२०० हा संच सुरुवातीसाठी योग्य ठरतो. भर उन्हातल्या एफ १६, १/१०० सेकंद आणि आयएसओ १०० या परिचित संचाशी त्याची तुलना केली, तर मंचावरील चेहऱ्यावर उन्हापेक्षा सुमारे चारशे पट कमी प्रकाश आहे असा हिशेब निघतो. एवढी तूट कोठून भरून काढायची, हाच सारा प्रश्न आहे.

शटरमधून फार थोडी तूट भरून निघते, कारण कलाकार स्थिर उभे राहत नाहीत. माइकसमोर शांतपणे गाणाऱ्या गायकाला १/१२५ सेकंद पुरतो, गिटारवादकासाठी १/२५० लागतो आणि उडी मारणाऱ्याला किंवा ड्रमच्या काठ्यांना गोठवायचे असेल तर १/५०० तरी हवा. लेन्समधील किंवा कॅमेऱ्यातील स्थिरीकरणाचा येथे फारसा उपयोग होत नाही, आणि ही गोष्ट नवीन कॅमेरा घेणाऱ्यांनी नीट समजून घ्यावी, कारण जाहिरातींत तिच्यावर फार भर असतो. स्थिरीकरण आपल्या हाताची थरथर थांबवते. समोरच्या माणसाची हालचाल ते थांबवू शकत नाही.

मग उरते लेन्स. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ मिलिमीटरची लेन्स ५५ला नेली की तिचे सर्वांत मोठे छिद्र एफ ५.६ असते. तिच्या जागी ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स लावली तर सेन्सरपर्यंत जवळजवळ दहापट प्रकाश पोहोचतो, कारण हा आकडा छिद्राच्या व्यासाशी निगडित आहे आणि प्रकाश त्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दहापट म्हणजे तीन स्टॉपांहून अधिक. जेथे १/२५ सेकंद मिळत होता तेथे १/२५० मिळू लागतो. जवळजवळ प्रत्येक कंपनीच्या लेन्सांत ही ५० मिलिमीटरची लेन्स सर्वांत स्वस्तांपैकी एक असते. रामबाग किंवा लोकमान्यनगरातला एखादा विद्यार्थी काकांचा जुना कॅमेरा घेऊन हे काम सुरू करत असेल, तर नव्या कॅमेऱ्यासाठी पैसे साठवण्याआधी त्याने ही लेन्स घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

आयएसओविषयी अनेकांच्या मनात भीती असते. आकडा वाढवला की छायाचित्रात दाणे येतात, म्हणून तो ८०० किंवा १६००च्या पुढे न्यायचाच नाही, असा नियम काहींनी करून घेतलेला असतो. दाणे नेमके कशामुळे येतात हे कळले की ही भीती ओसरते. प्रकाश हा अखंड प्रवाह म्हणून सेन्सरवर पडत नाही. तो फोटॉनांच्या स्वरूपात, एकेक करून आणि अनियमितपणे येऊन पोहोचतो. पावसाचे पहिले शिंतोडे अंगणातल्या फरशीवर पडतात तेव्हा एका चौकोनावर तीन थेंब असतात आणि शेजारचा चौकोन कोरडा असतो. धो धो पाऊस झाला की सगळे चौकोन सारखे भिजलेले दिसतात. सेन्सरच्या प्रत्येक बिंदूचे असेच होते. एखाद्या बिंदूवर सरासरी १०० फोटॉन येत असतील तर त्या संख्येत साधारण १०चा, म्हणजे १० टक्क्यांचा चढउतार स्वाभाविक असतो. १०,००० फोटॉन येत असतील तर चढउतार १००चा, म्हणजे फक्त एक टक्क्याचा असतो. हा चढउतार म्हणजेच छायाचित्रातले दाणे. त्यांचे मूळ प्रकाशाच्या तुटवड्यात आहे; आयएसओ वाढवल्याने ते केवळ ठळकपणे नजरेस येतात. म्हणून आयएसओ कमी ठेवून काळपट छायाचित्र काढायचे आणि नंतर संगणकावर ते उजळायचे, या युक्तीने काहीच वाचत नाही; कित्येक कॅमेऱ्यांत तर परिणाम अधिक वाईट होतो. छिद्र शक्य तितके उघडावे, शटर हालचालीला पुरेल इतकेच वेगवान ठेवावे आणि त्यानंतर आयएसओ जेथे जाईल तेथे जाऊ द्यावा. ६४०० आला तरी बिचकू नये. दाणेदार पण स्पष्ट चेहरा पाहणारा स्वीकारतो, हललेला चेहरा तो स्वीकारत नाही.

येथे इंदूरच्याच एका जुन्या छायाचित्रकाराची आठवण होते. लाला दीनदयाळ हे १८६६ साली इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला लागले आणि १८७४च्या सुमारास येथेच त्यांनी छायाचित्रणाला आरंभ केला. त्या काळी फिल्मच्या जागी वापरल्या जाणाऱ्या ओल्या काचपट्ट्यांची संवेदनशीलता आजच्या मोजपट्टीवर आयएसओ १च्या आसपास किंवा त्याहूनही कमी भरते, म्हणजे उघड्यावरच्या प्रसंगासाठीही बसलेल्या मंडळींना काही सेकंद निश्चल राहावे लागे. रॉकची छायाचित्रे ज्यांनी प्रथम जगापुढे आणली, त्या १९६०-७०च्या दशकांतील छायाचित्रकारांच्या हाती कोडॅकची ट्राय-एक्स ही ४०० संवेदनशीलतेची कृष्णधवल फिल्म असे, आणि अंधाऱ्या मंचावर ती ८०० किंवा १६०० समजून वापरली जाई व धुताना तिला जास्त वेळ दिला जाई. त्या काळच्या छायाचित्रांतले जाड दाणे आज आपल्याला त्या संगीताचाच भाग वाटतात.

रंगांची अडचण त्या लोकांना एवढी नव्हती, आणि एलईडी दिव्यांनी ती वाढवली आहे. सेन्सरवरील दर चार बिंदूंपैकी दोन हिरव्याला, एक लालला आणि एक निळ्याला प्रतिसाद देतो. जुना तापदीप दिवा लाल काचेतून आला तरी त्याच्या प्रकाशात इतर रंगांचा थोडा अंश असे. लाल एलईडीचा प्रकाश मात्र अगदी अरुंद पट्ट्यातला असतो, त्यामुळे चारांपैकी एकच बिंदू त्याची नोंद घेतो आणि बाकीचे तीन जवळजवळ रिकामे राहतात. मापक सर्वांची सरासरी पाहून प्रकाश कमी आहे असे ठरवतो, तो वाढवला जातो आणि लाल रंग कमाल मर्यादेपलीकडे जाऊन साचतो. मग चेहरा म्हणजे नाक-डोळे हरवलेला लाल डाग होतो. निळ्याचेही असेच होते. यावर तीन उपाय आहेत: तिन्ही रंगांचे वेगवेगळे हिस्टोग्राम दाखवण्याची सोय कॅमेऱ्यात चालू करून लालकडे लक्ष ठेवावे, गडद लाल किंवा निळ्या प्रकाशात एक स्टॉप कमीच ठेवावा, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे थांबावे. त्याच गाण्यात पांढरा किंवा पिवळसर प्रकाश येणार असतो.

एलईडीची दुसरी अडचण पट्ट्यांची आहे. या दिव्यांचा उजेड मंद करायचा असतो तेव्हा बहुधा त्यांना सेकंदात शेकडो किंवा हजारो वेळा चालू-बंद केले जाते, आणि डोळ्याला त्याची सरासरी मंद उजेड म्हणून दिसते. मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्याचे निःशब्द इलेक्ट्रॉनिक शटर मात्र चित्र एकेक ओळ करून वाचते. काही ओळी वाचल्या जात असताना दिवा चालू असतो, काहींच्या वेळी बंद असतो, आणि छायाचित्रावर काळे आडवे पट्टे उमटतात. मैफलीत आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर वापरण्याची सवय शास्त्रीय गायनाच्या बैठकीत योग्य आहे. ढोल-गिटारच्या गदारोळात तिची गरज नसते, तेथे यांत्रिक शटरच वापरावे. तरीही पट्टे दिसले तर शटर थोडे मंद करावे. साध्या विजेवरचे दिवे आपल्याकडे ५० हर्ट्झच्या पुरवठ्यामुळे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात, म्हणून त्यांच्या उजेडात १/१०० किंवा १/५० सेकंद सुरक्षित ठरतो. कॅमेऱ्यातील अँटी-फ्लिकरची (लुकलुक टाळण्याची) नेहमीची सोय बहुधा याच दिव्यांसाठी असते. वेगाने लुकलुकणाऱ्या एलईडीवर ती फारशी चालत नाही. लेझरचे झोत असतील तर ते थेट लेन्समध्ये येऊ देऊ नयेत, कारण त्यांनी सेन्सरवर कायमचा डाग पडू शकतो.

फोकससाठी कॅमेऱ्याला उजेड-अंधाराची स्पष्ट सीमारेषा लागते, आणि धुराने भरलेल्या मंचावर ती सहज सापडत नाही. सतत फोकस करणारी पद्धत निवडावी आणि बिंदू स्वतः ठरवावा. डोळा ओळखणारी नवी यंत्रणा चांगली आहे, पण गायकाच्या तोंडासमोरचा माइक तिला वारंवार फसवतो. म्हणून समोरून टिपण्यापेक्षा थोडे बाजूला सरकून टिपणे हितावह असते. तसे केल्याने चेहऱ्यावरची माइकची सावलीही टळते. उघड्या छिद्राची किंमत येथे मोजावी लागते: फुल-फ्रेम (३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ८५ मिलिमीटरची लेन्स एफ १.८ला ठेवून तीन मीटरवरचा चेहरा टिपला, तर स्पष्ट दिसणारा पट्टा सुमारे १३ सेंटिमीटर खोल असतो. गायक तालावर पुढेमागे डोलत असेल तर तेवढ्यात तो त्या पट्ट्याच्या बाहेर जातो. यासाठी तीन-चार छायाचित्रांचे छोटे झपाटे मारावेत. मिनिटभर बटण दाबून धरल्याने कॅमेऱ्याची स्मृती भरते आणि नेमक्या क्षणी तो अडकतो.

नेमका क्षण ओळखण्याचा मार्ग मात्र गाण्यातूनच जातो, आणि या विषयातला मला सर्वांत प्रिय भाग हाच आहे. प्रकाशयोजना गाण्याच्या रचनेनुसार बांधलेली असते. पहिले कडवे शांत असेल तर दिवे निळे आणि मंद असतात, ध्रुवपद येताच मागचे पांढरे दिवे उघडतात, ड्रमच्या जोरकस आघातांवर स्ट्रोब लखलखतो आणि गिटारच्या एकट्या वादनाला बहुधा एकच झोत मिळतो. पहिल्या ध्रुवपदाला जो प्रकाश आला, तोच किंवा त्याच्या अगदी जवळचा प्रकाश दुसऱ्याला येणार असतो. म्हणून पहिल्या वेळी पाहावे, आकडे ठरवावेत, आपली जागा घ्यावी, आणि दुसऱ्या वेळी टिपावे. जो बँड येणार आहे त्याची गाणी दोन दिवस आधी ऐकून ठेवणारा छायाचित्रकार साध्या कॅमेऱ्यानेही इतरांपेक्षा सरस काम करतो, कारण गायक माइकपासून मान मागे कधी घेईल, ड्रमवादकाचे हात वर कधी जातील, हे त्याला आधी कळते. सप्टेंबर १९७९मध्ये न्यूयॉर्कच्या पॅलेडियम सभागृहात पेनी स्मिथ यांनी द क्लॅश या बँडच्या पॉल सिमोनन यांना बेस गिटार मंचावर आपटताना टिपले. ते छायाचित्र काहीसे अस्पष्ट आहे, आणि त्याच कारणाने ते अल्बमच्या मुखपृष्ठावर घ्यायला स्मिथ स्वतः तयार नव्हत्या. आज ते रॉक संगीताच्या सर्वाधिक परिचित छायाचित्रांपैकी एक आहे. वर सांगितलेले सगळे आकडे त्या क्षणापर्यंत पोहोचण्यासाठी आहेत.

मोठ्या कार्यक्रमांत छायाचित्रकारांना मंचासमोरच्या कठड्यामागे फक्त पहिल्या तीन गाण्यांपुरता प्रवेश असतो आणि फ्लॅशला मनाई असते. ही मनाई रास्त आहे. फ्लॅश वादकाच्या डोळ्यांत जातो, आणि शिवाय प्रकाशयोजनाकाराने रचलेले सगळे रंग पुसून तो मंचाला लग्नाच्या हॉलची कळा आणतो. महाविद्यालयाच्या महोत्सवात इतके कडक नियम नसतात, तरी आयोजकांना आधी विचारून घ्यावे आणि पुढच्या रांगेतल्यांच्या डोळ्यांसमोर सारखा कॅमेरा धरू नये. ध्वनिक्षेपकाजवळ उभे राहावे लागत असेल तर कानांत इअरप्लग घालावेतच: ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो असे मानले, तर दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते, आणि १०० डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते.

फोनवर टिपणाऱ्यांसाठी थोडक्यात: मोठ्या फोनचाही सेन्सर बहुधा फुल-फ्रेमच्या दहाव्या-बाराव्या भागाएवढाच असतो, म्हणून बोटांनी झूम करू नये, शक्य तितके पुढे जावे. चेहऱ्यावर बोट दाबून धरून मापन कुलूपबंद करावे आणि उजळता खाली ओढावी. नाइट मोड बंद ठेवावा, कारण तो दीर्घ काळात घेतलेली अनेक चित्रे एकत्र करतो आणि हलणारा माणूस त्यात पुसला जातो.

सरावासाठी इंदूरकरांना दूर जावे लागत नाही. अनंत चतुर्दशीच्या रात्री कापड गिरण्यांच्या परंपरेतील झाकी (देखाव्यांचे चित्ररथ) निघतात आणि त्यांच्या सोबत आखाड्यांची मंडळी लाठ्या फिरवत चालतात, तेव्हा रंगीत एलईडी, उघडे दिवे, काळे आकाश आणि वेगवान हालचाल हे सर्व एकाच रस्त्यावर मिळते. फिरती लाठी १/१२५, १/२५० आणि १/५००ला कशी दिसते हे तेथे एकदा पाहिले की मंचासमोर आकडे शोधत बसावे लागत नाही.

छायाचित्रे रॉ स्वरूपात, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद म्हणून साठवावीत. जेपीईजीत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटांच्या रॉमध्ये त्या १६,३८४ असतात, आणि लाल-निळ्या प्रकाशातून चेहरा परत मिळवताना हा फरक निर्णायक ठरतो. संगणकावर दाणे कमी करणारी साधने हात राखून वापरावीत, नाहीतर त्वचा मेणासारखी गुळगुळीत दिसते. मागचा काळोख उजळू नये. त्यात दिसण्यासारख्या गोष्टी म्हणजे केबल आणि लोखंडी सांगाडे. लाल प्रकाशात सापडलेला चांगला क्षण रंगीत वाचवता येत नसेल तर तो कृष्णधवल करावा, आणि तसे करताना लालचा वाटा कमी करून हिरव्याचा वाढवून पाहावा, कारण लाल साचलेला असला तरी डोळ्यांच्या आणि ओठांच्या कडा पुष्कळदा हिरव्यात शिल्लक असतात.